हृदयाचा ठोका आणि त्यामागील कामकरी

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढताना काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



आज मला हृदयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, भाषा आणि इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. परंतु शाळेच्या विज्ञान मंडळाचे काम काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे मुलांचे प्रश्न माझ्याकडे येतात आणि त्यांची उत्तरे शोधावी लागतात. त्यांपैकी एक प्रश्न असा होता : "सर, धावून पाय दुखतात, लिहून हात दुखतो, मग हृदय का थकत नाही?" प्रश्न लहान मुलाचा असला तरी उत्तर लहान नाही. ते उत्तर आपल्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपण बोलताना कोणी दिल म्हणतो, कोणी काळीज म्हणतो, पुस्तकात हृदय म्हणतात. शब्द कोणताही घ्या, वस्तू एकच आहे : मुठीएवढा, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा, पोकळ स्नायू. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर आणि दिवसाला सुमारे सात हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या वाड्यांवर पाण्याचा टँकर येतो, तो पाच हजार लिटरचा धरला, तर जवळजवळ दीड टँकर रक्त ही मूठ रोज उपसते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात अडीचशे कोटींहून अधिक ठोके पडतात. या काळात तिला एक दिवसाचीही सुटी नाही.

हे बळ येते कोठून? शाळेच्या पुस्तकात कर्णिका, जवनिका, झडपा, रोहिणी आणि नीला यांची माहिती असते. ती पंपाच्या घडणीची माहिती झाली. पंप चालवणारे इंजिन त्याहून पुष्कळ आत आहे, आणि ते साध्या डोळ्यांना दिसत नाही.

स्नायूच्या आत

हृदयाचा स्नायू दोन-तीनशे कोटी स्नायुपेशींचा बनलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत गडद आणि फिकट पट्टे आळीपाळीने दिसतात. पट्ट्यांच्या एका घटकाला सार्कोमियर म्हणतात. त्याची लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे घटक ओळीने बसतील.

या घटकात दोन प्रकारचे तंतू असतात. जाड तंतू मायोसिन नावाच्या प्रथिनाचा आणि बारीक तंतू अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा. मायोसिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने १८६४ साली दिले. अ‍ॅक्टिनचा शोध १९४२ साली हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो स्ट्राउब यांनी लावला. जग महायुद्धात होरपळत असताना त्या प्रयोगशाळेत या दोन प्रथिनांचे धागे बनवून त्यांवर एटीपी हे पेशींचे इंधन टाकून पाहण्यात आले, आणि धागे आखडले. प्राणी नाही, स्नायू नाही, केवळ बशीतली प्रथिने. आणि तरीही ती आखडली!

पण आखडली म्हणजे नेमके काय झाले? त्या वेळी पुष्कळांची समजूत अशी होती की प्रथिनाचा धागाच गुंडाळला जाऊन लहान होतो. १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघांचे आडनाव एक असले तरी हे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते आणि काम स्वतंत्रपणे करीत होते. दोन्ही निबंधांचा निष्कर्ष मात्र सारखाच होता. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची लांबी बदलत नाही, फिकट पट्टा तेवढा अरुंद होतो. याचा अर्थ कोणताही तंतू लहान होत नाही; बारीक तंतू जाड तंतूंच्या मधून आत सरकतात. टेबलाचा खण आत ढकलला की टेबलाचा पसारा कमी होतो, पण ना टेबलाची फळी लहान होते, ना खणाची. तसेच हे आहे.

आता बारीक तंतूला आत ओढते कोण? जाड तंतूच्या अंगातून मायोसिनची डोकी बाहेर आलेली असतात. एका जाड तंतूत सुमारे तीनशे मायोसिन रेणू असतात आणि प्रत्येकाला दोन डोकी असतात; म्हणजे सुमारे सहाशे डोकी. निम्मी एका बाजूला तोंड करून, निम्मी दुसऱ्या. डोके अ‍ॅक्टिनला चिकटते, मान वाकवल्याप्रमाणे झुकते, तंतूला जरासे ओढते आणि सुटते. हेच आपले कामकरी. शास्त्रज्ञ त्यांना मोटर प्रथिने म्हणतात.

रस्सीखेच आणि रापण

अशी शेकडो डोकी एकत्र ओढतात म्हटले की आपल्याला क्रीडा महोत्सवातली रस्सीखेच आठवते. सगळ्यांनी दोर घट्ट धरायचा आणि कोणी "हैय्या" म्हटले की एकदम ओढायचे. हृदयातले काम मात्र तसे चालत नाही. त्याला जवळचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच्या रापणीचे आहे.

रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. होडीने जाळे समुद्रात टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही दोरांवर माणसे लागतात. प्रत्येकजण दोर धरून मागे मागे सरकतो. पुरेसा मागे आला की दोर सोडतो, पुन्हा पाण्याच्या कडेला जातो आणि नव्याने धरतो. कोणत्याही क्षणी काही माणसे ओढत असतात, काही रिकाम्या हाताने पुढे निघालेली असतात. दोर मात्र एकसारखा येत राहतो.

मायोसिनचे हुबेहूब असेच आहे. एका डोक्याची एक ओढ पाच ते दहा नॅनोमीटरची असते, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. ठोक्याच्या वेळी सार्कोमियर दहा-पंधरा टक्क्यांनी आखडतो. म्हणजे बारीक तंतूला प्रत्येक बाजूने शंभर नॅनोमीटरहून अधिक आत यावे लागते. एका ओढीत ते शक्य नाही. एकाने ओढून सोडायचे, तोवर दुसऱ्याने धरलेले असायचे, असे करीतच ते अंतर तोडले जाते.

एका डोक्याचे बळ किती? हे प्रत्यक्ष मोजण्यात आले आहे. १९८३ साली मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी मायोसिन लावलेले सूक्ष्म मणी एका पाणवनस्पतीच्या अ‍ॅक्टिन तंतूंवरून चालताना दाखवले. पुढे १९९४ साली फायनर, सिमन्स आणि स्पुडिच यांनी प्रकाशाच्या किरणांचा चिमट्यासारखा उपयोग करून एकेका मायोसिन रेणूची ओढ मोजली. ती काही पिकोन्यूटन भरली. एका ग्रॅमचे एक हजार कोटी भाग करा. त्यांतील एका भागाचे वजन म्हणजे साधारण एक पिकोन्यूटन. एवढ्याशा बळाचे हे कामकरी, पण त्यांची संख्या आणि रचना अशी की सारे मिळून रक्ताला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवतात.

सोडण्यासाठी लागणारे इंधन

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. आपल्याला वाटते की इंधन धरण्यासाठी आणि ओढण्यासाठी लागते. मायोसिनच्या डोक्याला एटीपीचा रेणू पहिल्यांदा लागतो तो पकड सोडण्यासाठी. एटीपी येऊन बसला की डोके अ‍ॅक्टिनपासून सुटते. मग एटीपी फुटतो आणि त्या ऊर्जेने डोके पुन्हा ताणलेल्या स्थितीत, खटका ओढलेल्या बंदुकीसारखे तयार होते. नंतर ते पुढच्या जागी चिकटते, फॉस्फेट बाहेर पडते आणि ओढ बसते. पुन्हा सुटण्यासाठी पुन्हा नवा एटीपी.

याचा पुरावा आपण सर्वांनी दुःखाच्या प्रसंगी पाहिलेला आहे. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठ होते. त्याचे कारण हेच. एटीपी संपते, डोकी अ‍ॅक्टिनला चिकटलेली राहतात आणि सोडवायला कोणी नसते. ताठरपणा हे बळाचे लक्षण नव्हे. सोडण्याची शक्ती संपल्याचे ते लक्षण आहे. जिवंत हृदयातही ओढून झालेल्या डोक्याने वेळेवर सोडले नाही, तर ते शेजारच्यांच्या कामात अडथळाच ठरेल. रापणीत एखादा गडी दोर धरून तसाच बसला तर काय होईल, याची कल्पना करा.

हृदयाच्या पेशीत एटीपीचा साठा काही सेकंदांनाच पुरेल इतका असतो. म्हणून तेथे इंधन बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया इतक्या असतात की पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर मिनिटांचा हिशेब का करावा लागतो, हे यावरून ध्यानात येईल.

हुकूम कोण देतो?

मग सहाशे डोकी चोवीस तास ओढत का राहत नाहीत? कारण बारीक तंतूवरील चिकटण्याच्या जागा एरवी झाकलेल्या असतात. ट्रोपोमायोसिन नावाचे दोरीसारखे प्रथिन त्या जागांवर आडवे पडलेले असते आणि ट्रोपोनिन नावाचे प्रथिन कुलपाचे काम करते. या कुलपाची किल्ली म्हणजे कॅल्शियम. ट्रोपोनिनचा शोध जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या दशकात लावला.

कॅल्शियमचे महत्त्व मात्र त्याआधीच, आणि गमतीदार रीतीने कळले होते. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते आणि ते चांगले धडधडत होते. पुढे कळले की द्रावण करताना शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेतले तर हृदय हळूहळू बंद पडे. नळाच्या पाण्यात चुना, म्हणजेच कॅल्शियम होते. १८८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आज आपल्या दवाखान्यात रुग्णाला सलाईन लावताना "आर. एल. लावा" असे म्हणतात, त्यातला आर. म्हणजे हेच रिंगर.

प्रत्येक ठोक्याला विजेची लहर येते, पेशीत थोडे कॅल्शियम शिरते आणि ते पेशीतील साठ्यातून आणखी कॅल्शियम सोडवते. कुलपे उघडतात, डोकी चिकटतात. आणि येथे सहकार्याचा आणखी एक प्रकार दिसतो. एक डोके चिकटले की ट्रोपोमायोसिनची दोरी आणखी बाजूला सरते आणि शेजारच्या डोक्यांना चिकटणे सोपे जाते. ओढ संपताच कॅल्शियम परत साठ्यात उपसले जाते, जागा झाकल्या जातात आणि स्नायू सैल पडतो. या सैल पडण्याच्या वेळेतच हृदय पुन्हा भरते. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयाचा आखडण्याचा काळ भरण्याच्या काळापेक्षा कमी असतो. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे की हृदय प्रत्येक ठोक्यात विश्रांती घेते.

बळ कमी-जास्त कसे होते?

आता प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. आपण तांब्या उचलतो तेव्हा हाताच्या स्नायूतील थोड्या पेशींना हुकूम जातो. तांदळाचे पोते उचलताना पुष्कळ पेशींना जातो. हृदयाला ही सोय नाही. तेथील सर्व पेशी विजेच्या दृष्टीने एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि प्रत्येक ठोक्याला प्रत्येक पेशी आखडते. तरीही डोंगर चढताना हृदय अधिक जोराने काम करते. सगळे कामगार आधीच कामावर असतील, तर वाढीव काम करतो कोण?

उत्तर असे की पेशी सर्व कामावर असल्या तरी पेशीतील डोकी सर्व कामावर नसतात. ठोका ऐन भरात असतानाही थोडीच डोकी अ‍ॅक्टिनला धरून असतात. साध्या ठोक्याला कॅल्शियमही सर्व कुलपे उघडण्याइतके येत नाही. धावताना, घाबरताना अ‍ॅड्रेनलिन वाढते, कॅल्शियम वाढते आणि अधिक डोक्यांना जागा मिळते. शिवाय समोरचा दाब जास्त असेल तर धरलेले डोके सुटायला अधिक वेळ घेते. त्यामुळे आपोआपच एका वेळी धरून असणाऱ्यांची संख्या वाढते. भरलेली रापण जड लागली की गडी दोरावर अधिक वेळ राहतो, तसेच.

याशिवाय पुष्कळशी डोकी जाड तंतूच्या अंगाशी दुमडून, अक्षरशः मान मुडपून, झोपलेली असतात. या स्थितीत ती एटीपी फारच मंद गतीने खर्च करतात. रॉजर कूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हाडांना जोडलेल्या स्नायूत आणि २०११ साली हृदयाच्या स्नायूत ही गाढ विश्रांतीची स्थिती दाखवून दिली. २०१७ साली इटलीतील फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी उंदराच्या हृदयाच्या स्नायूवर क्ष-किरणांनी अभ्यास करून दाखवले की किती डोकी विश्रांतीतून उठतात हे समोरच्या भारावर अवलंबून असते. भार थोडा तर थोडी उठतात, भार मोठा तर अधिक.

हृदयात रक्त अधिक भरले की ते अधिक जोराने आखडते, हा नियम ओटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावाने शंभर वर्षांहून अधिक काळ शिकवला जातो. त्याचे मूळही अंशतः येथेच आहे. ताणले गेलेले तंतू कॅल्शियमला अधिक चांगला प्रतिसाद देतात आणि अधिक डोक्यांना कामाला लावतात. एकेका डोक्याकडून जास्त राबवून न घेता, राबणाऱ्यांची संख्या गरजेप्रमाणे वाढवायची आणि काम संपताच त्यांना सोडून द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. हृदय थकत नाही याचे उरलेले उत्तर हे.

व्यवस्था बिघडते तेव्हा

ही माहिती केवळ कुतूहलासाठी नाही. सुमारे पाचशे माणसांत एकाच्या हृदयाची भिंत आनुवंशिक दोषामुळे जाड झालेली असते. १९९० साली अमेरिकेत या रोगाचे पहिले कारण सापडले, ते हृदयाच्या मायोसिनमधील एका बदलाचे. पुढे असे पुष्कळ बदल सापडले. त्यांपैकी अनेकांत विश्रांती घेणारी डोकी कमी होतात आणि नको तितकी डोकी कामावर येतात. हृदय जोराने आखडते, पण नीट सैल पडत नाही, इंधन वाया जाते, भिंत जाड होत जाते. बळ वाढले म्हणजे प्रकृती सुधारली, असे येथे म्हणता येत नाही. डोक्यांना विश्रांतीत परत पाठवणारे माव्हाकॅम्टेन हे औषध एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. डोक्यांचा हिशेब समजला म्हणूनच ते औषध शक्य झाले.

आपल्याशी निगडित गोष्ट याहून जवळची आहे. जाड तंतूला बांधून असणारे, डोक्यांवर देखरेख करणारे आणखी एक प्रथिन आहे. त्याला मायोसिन-बंधक प्रथिन सी म्हणतात. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की या प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे गळालेली आहेत असे सुमारे चार टक्के लोक भारतीय उपखंडात आहेत. अशा प्रत्येकाला रोग होतोच असे नाही; परंतु हृदय दुर्बल होण्याचा धोका, विशेषतः उतारवयात, वाढतो. शंभर माणसांच्या सभेत चार, हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षक बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे. धावताना किंवा खेळताना मूल चक्कर येऊन पडले, श्रमाने छातीत दुखले, इतरांपेक्षा फार दम लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. कांदा हुंगवून, पाणी शिंपडून विषय मिटवू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक वारले असेल, तर "नशिबात होते" म्हणून न थांबता भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या. ईसीजी आणि इको या दोन तपासण्यांना सुईसुद्धा टोचावी लागत नाही. आणि कोणी समोरच कोसळले, हाकेला उत्तर देईना, श्वास घेईना, तर १०८ क्रमांकाला दूरध्वनी करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. दाबणारा थकतो, म्हणून दोन-दोन मिनिटांनी माणूस बदलावा. हे शाळेत आठवीपासूनच्या प्रत्येक मुलामुलीला शिकवता येईल. संस्थेने येत्या वर्षी असा एक वर्ग घ्यावा, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो.

  मी बोलत होतो तेवढ्या वेळात आपल्यापैकी प्रत्येकाच्या छातीत दोन हजारांहून अधिक ठोके पडले असतील, आणि त्या प्रत्येक ठोक्यात अगणित डोक्यांनी दोर धरला असेल आणि वेळेवर सोडला असेल. त्यांचे काम असेच चालू राहो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.